अर्ज गेला आणि मग पेपर आला

डिसेंबरची २७ तारीख, संध्याकाळचे सहा. कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमच्या नेहमीच्या चहाच्या गाड्यावर एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी मोबाइल माझ्यापुढं धरून उभी होती. स्क्रीनवर एका जर्नलच्या संपादकाचा मेल. तिचं नाव दुसऱ्या क्रमांकावर असलेला पेपर, म्हणजे शोधनिबंध, स्वीकारला गेला होता. पोरगी खूश असायला हवी, पण होती निम्मी खूश आणि निम्मी चिडलेली.

"सर, हा मेल बारा दिवस आधी आला असता तर काय बिघडलं असतं त्यांचं? १५ तारखेला अमेरिकेतल्या सातही युनिव्हर्सिट्यांचे पीएचडीचे अर्ज गेले की माझे. आता आज रात्री बसून सगळ्यांना मेल टाकतो."

आमच्याकडे मुलीही 'टाकतो'च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.

"आधी चहा घे," मी म्हटलं. "तिकडं आज ऑफिसात चिटपाखरू नाही." नाताळ ते १ जानेवारी या आठवड्यात अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं कुलूप लावून बसतात. तेव्हा पाठवलेला मेल पोचतो, पण सुट्टीनंतर उघडणाऱ्या ढिगाच्या तळाशी जाऊन पडतो.

दर हिवाळ्यात हाच प्रश्न घेऊन दोन-चार जण येतात. कुणाचा पेपर लागलेला असतो, कुणाला अर्ज केल्यावर एखाद्या लॅबमध्ये काम मिळालेलं असतं, कुणाचं कॉन्फरन्समध्ये पोस्टर ठरलेलं असतं, कुणाचा नुसता सेमिस्टरचा निकाल. प्रत्येकाला वाटतं, हे अर्जात असतं तर! प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच ठेवतो.

सबमिटचं बटण दाबल्यावर अर्जाचं काय होतं, हे आधी बघू. अमेरिकेतल्या पीएचडीच्या बऱ्याच मुदती १ डिसेंबर ते १५ डिसेंबर या काळात संपतात, काही जानेवारीत. प्रवेश पुढच्या ऑगस्टचा. मुदत बहुधा तिथल्या रात्री ११:५९ ची. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यामागं साडेदहा तास असतं, म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशीचे सकाळचे १०:२९. हे माहीत नसल्यानं एक रात्र उगीच जागलेली मुलं मी बघितलीत, आणि माहीत असल्यामुळं सकाळी सव्वादहापर्यंत रेंगाळून ऐनवेळी वीज गेलेलीही.

अर्ज पहिल्यांदा पोचतो तो ग्रॅज्युएट स्कूलकडं. नाव स्कूल असलं तरी ही शाळा नव्हे, कचेरी. आपल्या शिवाजी विद्यापीठात फॉर्म, फी आणि कागदपत्रं तपासणारी टेबलं एकीकडं असतात आणि तुम्हाला प्रयोगशाळेत उभं करणारा विभाग दुसरीकडं, तसंच. ग्रॅज्युएट स्कूल बघतं की फी आली का, गुणपत्रिका चढली का, टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण पोचले का. तुम्हाला घ्यायचं की नाही हे ठरवते विभागाची प्रवेश समिती. त्यात असतात काही प्राध्यापक, जे आपलं शिकवणं आणि संशोधन सांभाळून हिवाळ्यात शेकडो फायली वाचतात. साधारणपणे एक फाइल दोघं-तिघं वाचतात, शेरे मारतात, मग बैठकीत यादी छोटी होत जाते. जीवशास्त्राच्या विभागांत जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखतीही होतात. निकालाचे मेल बहुतांशी फेब्रुवारी-मार्चात निघतात.

म्हणजे अर्ज गेला ती तारीख आणि तो कुणी बसून वाचला ती तारीख, यांत काही आठवड्यांची फट असते. नव्या माहितीला जागा आहे ती या फटीत. फट संपली की तुमचा पेपर कितीही भारी असो, तो वाचणारा माणूस पुढच्या कामाला लागलेला असतो.

अर्जांचा हंगाम आणि आमचा ऊस गाळपाचा हंगाम एकाच वेळी येतो, त्यामुळं मला समजवायला सोपं जातं. ट्रॉली काट्यावर चढली, वजनाची पावती निघाली, की मग घरून दोन मोळ्या आणून वर टाकता येत नाहीत. सबमिट केलेला अर्ज म्हणजे ती पावती. निबंध, सीव्ही, शिफारसपत्रं सगळं त्या क्षणाला गोठतं. पण कारखान्याचं गणित नुसत्या वजनावर नसतं, उताऱ्यावर असतं, म्हणजे शंभर किलो उसातून साखर किती निघाली यावर. उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, एफआरपी, तोसुद्धा उताऱ्याला जोडलेला आहे. प्रवेश समितीचंही असंच. सीव्ही किती पानांचा याला फारसं कुणी विचारत नाही. नंतर पाठवलेली माहिती म्हणजे वाढीव मोळी असेल तर ती गेटावरच राहते. उतारा जास्त आहे असं सांगणारा रिपोर्ट असेल तर कुणीतरी हातात घेतो.

मग उतारा म्हणजे काय? फाइल वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन-तीनच प्रश्न असतात. ज्याचं उत्तर पुस्तकात नाही अशा प्रश्नाशी हे पोरगं झटेल का? मधेच अडकलं तर काय करेल? आणि याला जे करायचंय ते करणारं आमच्याकडं कुणी आहे का? तुमच्या नव्या बातमीनं यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर बदलत असेल तर कळवा. नसेल तर गप्प बसणं बरं.

यातली गंमत अशी की तीच बातमी एकाची मोठी ठरते आणि दुसऱ्याची फुसकी. ज्याच्या अर्जात प्रयोगशाळेचा अनुभव शून्य आहे, त्यानं डिसेंबरात एखाद्या संस्थेत काम सुरू केलं आणि पाच आठवड्यांत एक उपकरण स्वतः चालवायला शिकला, तर त्यानं जरूर कळवावं, कारण त्याच्या फाइलमधली सगळ्यांत मोठी रिकामी जागा भरली. ज्याच्याकडं आधीच दोन वर्षांचं काम आणि दोन पेपर आहेत, त्याचं तिसरं पोस्टर कुणाच्या लेखी मोठं नाही. पेपर स्वीकारला जाणं, नेट-जेआरएफ मिळणं, पहिल्या सेमिस्टरला घसरलेल्या मुलानं शेवटच्या सेमिस्टरला चांगली उडी मारणं, या कळवण्याजोग्या गोष्टी. जेआरएफ कळवताना ती राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती आहे हे एका ओळीत सांगावं, तिकडच्या सगळ्यांनाच ते माहीत नसतं. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं सर्टिफिकेट, वेबिनारला हजेरी, ऑनलाइन कोर्स पूर्ण केल्याचा बिल्ला, कॉलेजच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, यांतलं काहीही पाठवू नये. माझ्याकडं एकानं असल्या अकरा सर्टिफिकेटांची एक पीडीएफ बनवून आणली होती. तिच्यात एक योगासनांचंही होतं.

आता चहाच्या गाड्यावरच्या मुलीकडं वळू, कारण खरी मेख तिच्याच मेलात सापडली.

घरी बसून तिनं जे लिहिलं होतं ते तिनं मला दाखवलं. पानभर मजकूर. सुरुवातीला अत्यंत आनंद होत असल्याचं, मग विद्यापीठाच्या जगभरातल्या लौकिकाचं, मग जर्नलचं नाव आणि त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांचा इतर पेपरांत सरासरी किती वेळा दाखला दिला जातो तो आकडा) ठळक अक्षरांत, मग लहानपणापासूनच्या विज्ञानाच्या ओढीचं, आणि शेवटी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा अशी विनंती. ही शेवटची ओळ आपण तलाठ्यापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना लिहितो. तिकडं तिचा काही उपयोग नाही.

"बरं, पेपरात तू केलंस काय?" मी विचारलं.

मग ती बोलायला लागली. स्टीलच्या छोट्या पट्ट्यांवर मँगनीज ऑक्साइडचा पातळ थर चढवायचा. पट्टी द्रावणात बुडवून ठेवली की थर हळूहळू बसतो, याला केमिकल बाथ डिपॉझिशन म्हणतात. अशी पट्टी सुपरकपॅसिटरमध्ये वापरतात. सुपरकपॅसिटर म्हणजे बॅटरीचा चुलतभाऊ, साठा कमी पण भरायला आणि रिकामा व्हायला झटपट. तो कामाचा कधी, तर हजारो वेळा भरला-रिकामा केला तरी टिकला तर. यांची पट्टी दोन-तीनशे फेऱ्यांत दगा द्यायची. थर पापुद्रा सुटावा तसा सुटायचा. सीनियर म्हणायचा द्रावणाचं प्रमाण बदलू. दोन महिने प्रमाण बदलण्यात गेले.

तिच्या मामांचं उद्यमनगरात पावडर कोटिंगचं शेड आहे. दिवाळीला ती तिकडं गेली असताना सहज बोलता बोलता हे निघालं. मामा म्हणाले, "पट्टी घासतीस का न्हाई?" ही म्हणाली, घासतो की, झिरो पेपरनं, आरशासारखी करतो. मामा हसले. "आरसा केलास तर थर धरंल कशाला गं? जरा खरबडीत ठेव." हिनं येताना त्यांच्याकडूनच पॉलिश पेपरचे तीन-चार नंबर आणले, प्रत्येकानं पाच-पाच पट्ट्या घासल्या, बाकी सगळं तेच ठेवलं आणि मोजलं. जाड्या पेपरनं घासलेल्या पट्ट्या १,००० फेऱ्या तरल्या. पेपरातली दुसरी आणि तिसरी आकृती ती हीच.

"आणि हे मेलात कुठं आहे?"

"हे काय लिवायचं सर? पॉलिश पेपरचं?"

इथं आपल्याकडच्या बहुतेक मुलांची गाडी अडते. त्यांना वाटतं बातमी म्हणजे शिक्का: जर्नलचं नाव, इम्पॅक्ट फॅक्टर, संस्थेचं नाव, लेटरहेड. समितीत बसलेला माणूस स्वतः आयुष्यभर प्रयोग करत आलेला असतो. दुसऱ्या क्रमांकाच्या लेखिकेनं नेमकं काय केलं हे त्याला नावाच्या क्रमावरून कळत नाही. गणितासारख्या विषयांत तर नावं आडनावांच्या अक्षरक्रमानं लावायची रीत आहे, तिथं क्रमाला काही अर्थच नाही. त्याला हवा असतो तो पॉलिश पेपर. अडचण काय होती, तू एका वेळी एकच गोष्ट बदललीस का, मोजलंस का. मामांचं नाव मेलात घालायची गरज नाही, पण घासण्याचं वाक्य गाळायचं नाही.

मग आम्ही मेल नव्यानं लिहिला. पाठवायचा इंग्रजीत, मराठीत सांगायचं तर तो असा झाला:

विषय: अर्जातील माहितीत भर, मग तिचं नाव, अर्ज क्रमांक, फिजिक्स पीएचडी.

"मी १५ डिसेंबरला आपल्या विभागाच्या पीएचडीसाठी अर्ज केला आहे. त्यात 'परीक्षणाधीन' म्हणून नोंदवलेला मँगनीज ऑक्साइडच्या थरांवरचा आमचा पेपर २७ डिसेंबरला स्वीकारला गेला. मी त्याची दुसरी लेखिका आहे. थर पट्टीवरून सुटण्याचं कारण शोधणं, पट्टीचा पृष्ठभाग कमी-अधिक खरखरीत करून तुलना करणं आणि १,००० फेऱ्यांच्या चाचण्या घेणं हा माझा भाग होता. संपादकांचा मेल आणि सुधारित सीव्ही जोडला आहे. नियमात बसत असेल तर कृपया तो माझ्या फाइलला लावावा."

संपलं. लौकिक, ओढ, सहानुभूती काही नाही.

हा मेल कुणाला पाठवायचा, यावर मात्र थोडं थांबावं लागेल. आधी अर्जाच्या पोर्टलवर जाऊन बघा. अर्ज भरल्यावर एक स्टेटस पेज मिळतं. बरीच विद्यापीठं स्लेट नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, त्यात काही ठिकाणी कागद चढवायची सोय सबमिटनंतरही चालू असते. असेल तर तिथंच सुधारित सीव्ही चढवा. तो थेट फाइलला चिकटतो, कुणाच्या इनबॉक्समध्ये हरवत नाही. सोय नसेल तर विभागाच्या वेबसाइटवर प्रवेशाविषयीचे प्रश्नोत्तरांचे पान वाचा. काही विभाग तिथं स्पष्ट लिहितात की सबमिटनंतर काहीही घेणार नाही. तसं लिहिलं असेल तर विषय संपला. लिहिलेला नियम मोडून पाठवलेला मेल उतारा कमीच दाखवतो. काही लिहिलं नसेल तर विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला मेल करा. हा माणूस प्राध्यापक नसतो, पण समितीपुढं फायली तोच लावतो. आपल्याकडच्या विभागातल्या हेडक्लार्कला जे महत्त्व असतं, तेच त्याला. नम्रपणे, थोडक्यात लिहा, आणि त्याचं उत्तर आलं तर आभाराची एक ओळ पाठवा.

विभागातल्या वीस प्राध्यापकांना एकाच वेळी मेल टाकू नका. ते एकमेकांच्या शेजारी बसतात. एखाद्याशी आधीपासून संशोधनावर बोलणं चालू असेल, त्यानं कधी उत्तर दिलं असेल, तर त्याला वेगळी ओळ लिहायला हरकत नाही.

आणि भर एकदाच घाला. जानेवारीत निकालही लागणार आहे, पेपरचंही कळणार आहे अशी चिन्हं असतील तर आठ-दहा दिवस थांबून दोन्ही एकत्र पाठवा, पण जानेवारीच्या मध्याच्या फार पुढं जाऊ नका. मुलाखतीचं बोलावणं आलं असेल तर मेलची घाई कशाला? मुलाखतीत "सध्या काय चाललंय?" हा प्रश्न येतोच, तिथं सांगा.

पेपरची स्थिती सांगताना आपल्याकडं शब्दांची सरमिसळ फार होते, त्यामुळं हे जरा सावकाश. लिहायला घेतलाय, गाइडकडं कच्चा खर्डा आहे, तोवर त्याला 'तयारीत' म्हणायचं. खरं तर तेव्हा काहीच न म्हणणं चांगलं, कारण जगातल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा एक पेपर तयारीत असतो. जर्नलच्या साइटवर चढवला आणि क्रमांक मिळाला, की 'सादर केला'. संपादकानं तो तज्ज्ञांकडं पाठवला, की 'परीक्षणाधीन'. तज्ज्ञांनी सुधारणा सुचवून परत पाठवला, तर तो स्वीकारलेला नव्हे, मग त्या सुधारणा कितीही किरकोळ असोत. 'मायनर रिव्हिजन आलंय म्हणजे झालंच' असं म्हणून स्वीकारला लिहिणारे मी पाहिलेत. ते खोटं आहे. संपादकाचं स्वीकृतीचं पत्र हातात आलं की 'स्वीकारला', आणि साइटवर दिसायला लागला, डीओआय मिळाला, की 'प्रकाशित'. डीओआय म्हणजे पेपरचा कायमचा पत्ता, नेहमी १० नं सुरू होणारा. तो दिला की वाचणारा एका क्लिकवर खात्री करून घेतो.

परीक्षणाची वाट न बघता काम दाखवायचा रस्ताही आहे, प्रीप्रिंट. भौतिकशास्त्र आणि गणितासाठी अर्काइव्ह १९९१ पासून चालू आहे, जीवशास्त्रासाठी बायोअर्काइव्ह २०१३ पासून, रसायनशास्त्रासाठी केमअर्काइव्ह २०१७ पासून. पेपर तिथं मोफत चढवता येतो आणि समितीतला माणूस तो उघडून वाचू शकतो. पेपर सहा महिने परीक्षणात अडकला असेल तर मेलात प्रीप्रिंटची लिंक देणं हा मला सगळ्यांत सरळ मार्ग वाटतो. मात्र सगळ्या सहलेखकांची, विशेषतः गाइडची, संमती हवी. ज्या जर्नलला पेपर दिलाय त्याला प्रीप्रिंट चालतं का हेही बघावं.

उलट टोकाला आहेत ती पैसे घेऊन आठवड्याभरात छापून देणारी जर्नलं. अर्ज गेल्यावर घाबरून दोन-तीन हजार रुपये भरून असा पेपर 'लावणारे' दरवर्षी भेटतात. मान्य जर्नलांची यूजीसीची केअर यादी होती तेव्हा मुलं निदान ती उघडून बघायची. २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. गाइडला विचारा, आपल्या विषयातले चांगले लोक त्या जर्नलात लिहितात का बघा. आठ दिवसांत परीक्षण पूर्ण झालेला पेपर समितीपुढं ठेवणं म्हणजे स्वतःहून काटामारीची तक्रार नोंदवणं.

चुकीची दुरुस्ती ही वेगळी गोष्ट. निबंधात स्पेलिंग चुकलं असेल तर ते विसरा, त्याचा मेल करून लोकांना ते मुद्दाम दाखवू नका. पण सीजीपीए चुकीचा भरला, पेपर 'स्वीकारला' म्हणून लिहिला आणि तो तसा नव्हता, तर त्याच दिवशी कळवा. अर्जाखाली आपण दिलेली माहिती खरी असल्याची सही करतो. पुढं ती खोटी निघाली तर दिलेला प्रवेशही काढून घेता येतो. परीक्षणाधीन लिहिलेला पेपर नंतर नाकारला गेला तर त्याची दवंडी पिटायची गरज नाही, असं मला वाटतं. पण नंतर सुधारित सीव्ही पाठवाल तेव्हा ती ओळ काढा, आणि मुलाखतीत विचारलं तर सरळ सांगा की नाकारला, आता दुसरीकडं देतोय. पेपर नाकारला जाणं हे समोर बसलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला आलेलं असतं.

शिफारसपत्रांचं काय? गाइडनं एकदा पत्र चढवलं की ते बहुतेक पोर्टलांवर बदलता येत नाही. पण गाइड कोऑर्डिनेटरला दोन ओळींचा मेल करू शकतात: माझ्या पत्रानंतर या विद्यार्थिनीचा पेपर स्वीकारला गेला, त्यातलं अमुक काम तिनं एकटीनं केलं. ही दोन वाक्यं तुमच्या पानभर मजकुरापेक्षा वजनदार, कारण ती दुसऱ्यानं लिहिलेली असतात. आपल्याकडं मुलं इथं कचरतात. सरांना कसं सांगायचं, मॅडम काय म्हणतील. विचारा, फार तर नाही म्हणतील. "तूच लिहून आण, मी पाठवतो" असं उत्तर आलं, आणि ते येतं, तर केलेल्या कामाचे चार मुद्दे तारखांसह लिहून द्या आणि वाक्यं त्यांनाच लिहू द्या. सात विद्यापीठांना गाइडच्या नावानं तुमच्या शैलीतला मेल गेला तर वाचणाऱ्याला कळतं.

मास्टर्सच्या अर्जाला हा सगळा खटाटोप सहसा लागत नाही. तिथं गुण, विषय आणि पैसे भरायची तयारी यांवर बरंच ठरतं. ब्रिटनमध्ये पीएचडीला गाइड आधी गाठावा लागतो, तेव्हा नवं काही झालं तर मेल थेट त्यालाच. जर्मनीत पीएचडीच्या बऱ्याच जागा नोकरीच्या जाहिरातीसारख्या निघतात, मुलाखत होईपर्यंत बोलायला वाव असतो. आणि आपल्याकडच्या आयआयएससी, टीआयएफआर, आयसर या संशोधन संस्थांना अर्ज केला असेल तर फॉर्मची चिंता सोडा. तिथं लेखी परीक्षेचे गुण मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात, दाराच्या आत फळा आणि खडू. नवा पेपर तुमच्या तोंडून ऐकतील आणि लगेच त्याच्यावरच प्रश्न विचारतील.

एक जागा अशी आहे जिथं उशिरा आलेली बातमी सगळ्यांत जास्त चालते: वेटिंग लिस्ट. महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या वेटिंगमध्ये आपला नंबर ठरलेला असतो, आधीचे कन्फर्म झाले की आपण. विद्यापीठांच्या वेटिंगला बहुतेक ठिकाणी असा नंबर नसतो. जागा रिकामी झाली की समिती यादीकडं पुन्हा बघते आणि त्या घडीला कोण योग्य ते ठरवते. या जागा १५ एप्रिलच्या आसपास हलतात, आणि त्यामागं कारण आहे. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संघटनेचा एक ठराव आहे, त्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी आर्थिक मदतीसह दिलेल्या प्रवेशाचं उत्तर १५ एप्रिलच्या आधी द्यायची सक्ती विद्यार्थ्यावर करायची नसते. त्यामुळं चार-पाच ठिकाणी जागा मिळालेला एखादा हुशार मुलगा त्या तारखेपर्यंत सगळ्या अडवून बसू शकतो. तो एक सोडून बाकीच्या सोडतो आणि तिथं साखळी हलते. वेटिंगवर असाल तर मार्चात एक मेल करा. अजून तुमच्याकडंच यायचं आहे हे एका वाक्यात, आणि डिसेंबरनंतर काय नवं झालं हे तीन वाक्यांत. इथं ते कुणालाही आगंतुक वाटत नाही.

आता माझी फजिती. मी स्वतः अर्ज केले तेव्हा एकच मजकूर कॉपी-पेस्ट करून सहा ठिकाणी पाठवला आणि एका विद्यापीठाच्या मेलात दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहिलं. तेही त्यांच्या शेजारच्या, त्यांच्याशी कायमची चुरस असलेल्या. कोऑर्डिनेटरचं उत्तर आलं: आपली भर मिळाली, आपण उल्लेख केलेल्या विद्यापीठालाही शुभेच्छा. तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी सातही मेल मोठ्यानं वाचायला लावतो, चहाच्या गाड्यावर का असेना.

तिनंही वाचले. ५ जानेवारीला पाठवले. दोन ठिकाणांहून फाइलला लावल्याचं उत्तर आलं, एकानं नियमात बसत नाही म्हणून कळवलं, एकाचं यांत्रिक उत्तर, तिघं गप्प. फेब्रुवारीत, उत्तर आलेल्या दोघांपैकी एका ठिकाणची मुलाखत लागली, झूमवर, आपल्याकडचे रात्रीचे साडेअकरा. घरात सगळ्यांना झोपवून ही स्वयंपाकघरात ओट्याशी बसली, कारण तिथंच रेंज येते.

दुसऱ्या दिवशी भेटली तेव्हा हसू आवरत नव्हतं. "सर, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, कोणता पेपर? मी लगेच जर्नलचं नाव, व्हॉल्यूम, सगळं सांगायला लागलो. ते म्हणाले, नो नो, पट्ट्या घासलेला पेपर. कितव्या नंबरचा?"

"मग?"

"सांगितलं की, १२० चा. पुढं वीस मिनिटं तेवढंच बोलत होते."